औषध मारलं, औषध दिलं

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी माजलगाव तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात बाबा कपाशीला औषध मारता मारता आखाड्यावर येऊन आडवे झाले. सदरा पिळून काढावा इतका घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गावातल्या डॉक्टरांनी सुई देऊन पुढं पाठवलं. मोठ्या दवाखान्यात रात्रभर ॲट्रोपिनच्या सुया चालल्या. दुसऱ्या दिवशी बाबा हवेत नोटा मोजायला लागले, चादर ओढायला लागले, मला ओळखेनात. सिस्टरनी त्यांचे हात पट्टीनं पलंगाला बांधले. काका भडकले, ‘विषानं नाही, ह्यांच्या औषधानं येडा झाला माणूस.’ एक डॉक्टर म्हणाले, हे धोतऱ्यातलंच औषध आहे. मग विषावर विष का दिलं? सगळे सारखी फवाऱ्याच्या औषधाची बाटली का मागत होते? बाबा घरी येऊन वीस दिवस झाले. शेजारी म्हणतात, पुढच्या फवारणीला चला. पाठवू का?

उत्तर : लेकी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, तेवढ्याला उशीर चालणार नाही. पाठवू नकोस. या हंगामात बाबांनी पंप पाठीला लावायचा नाही. दुसऱ्याच्या शेतात औषध कालवायला किंवा पाणी भरून द्यायलाही जायचं नाही. शेजाऱ्यांना माझं नाव सांग. कारण पुढं येतंच.

आपल्याकडं कपाशीवर मारतात तेही औषध आणि सुईतून देतात तेही औषध. मी सत्तावीस वर्षं मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं, त्याच्या आधी आणि नंतर वॉर्डात काम केलं, आणि हा एकच शब्द दोन्हीकडं वापरणं मला कधी चुकीचं वाटलं नाही. दोन्हीकडं असतो तो रेणूच. तो शरीरात एका ठरावीक जागी जाऊन बसतो आणि तिथलं काम थांबवतो किंवा वाढवतो. कोणत्या जागी बसला, किती घट्ट बसला आणि कधी उठणार, यावर माणूस जगणार की जाणार हे ठरतं. तुझ्या बाबांच्या पलंगापाशी त्या रात्री हाच हिशेब चालला होता.

मज्जातंतूचं टोक आणि स्नायू किंवा ग्रंथी यांच्यात बारीकशी फट असते. निरोप ती फट रेणूच्या रूपात ओलांडतो. 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले, त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं आणि ते दुसरंही मंदावलं. त्या पाण्यात जे उतरलं होतं ते ॲसिटिलकोलिन. ते फटीपलीकडच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेण्याच्या ठरलेल्या जागेवर, बसतं आणि घाम सुटतो, लाळ येते, बाहुली आकसते, हृदय मंदावतं, स्नायू हलतो. काम झालं की ते तिथून लगेच गेलं पाहिजे. त्यासाठी फटीतच एक एन्झाइम बसवलेलं असतं, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. त्याचा एक रेणू एका सेकंदात हजारो ॲसिटिलकोलिन तोडतो.

साखर कारखान्याची गव्हाण तू पाहिली असशील. उसाची मोळी पडते, पुढं सरकते, चरकात जाते, तोवर दुसरी पडते. आता त्या गव्हाणीत लोखंडी पहार आडवी अडकली तर? ऊस तर येतच राहतो. आधी यार्ड भरतं, मग रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. फॉस्फरसवाली कीटकनाशकं, ज्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात, ती ही पहार आहेत. या एन्झाइमची तोडायची जागा एका अरुंद घळीच्या तळाशी असते, हे 1991 मध्ये एका माशाच्या एन्झाइमची रचना पाहिल्यावर दिसलं. त्या तळाशी सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, खरं पातं तेच. ॲसिटिलकोलिनचा तुकडा त्याला क्षणभर चिकटतो आणि सुटतो. कीटकनाशकातला फॉस्फरस तिथंच चिकटतो, पण सुटत नाही. किडीत हेच होतं, म्हणून कीड मरते. आपलं एन्झाइम किडीच्या एन्झाइमहून फार वेगळं नाही. बाबांचा घाम, लाळ, बारीक बाहुल्या, छातीत भरलेलं पाणी म्हणजे सगळीकडं साचलेलं ॲसिटिलकोलिन. काही मिसळलं नाही, प्यायले नाहीत, मग झालं कसं असं तुम्हाला वाटलं असेल. गळका पंप, पाठीवर भिजलेला सदरा आणि डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी एवढं पुरतं. हे कातडीतूनही आत जातं.

आता ॲट्रोपिन. काकांना हे नीट समजावून सांग, त्यांचा राग मला कळतो.

ॲट्रोपिन विषाला हातही लावत नाही आणि अडकलेलं एन्झाइमही सोडवत नाही. एसटी फलाटाला लागते तेव्हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तेवढंच ते करतं. ज्या रिसेप्टरवर ॲसिटिलकोलिन बसणार, त्यावर आधी जाऊन बसतं आणि बसून काहीच करत नाही. सीट अडली, निरोप पोचला नाही, घाम थांबला, छाती कोरडी झाली. पण हे रुमाल कायमचे नसतात. ॲट्रोपिनचा रेणू बसतो आणि उठतो, आणि उठला की त्या सीटसाठी पुन्हा झटापट. फलाटावर माणसं किती आणि रुमाल किती, यावर सगळं अवलंबून. एरवी भूल देणाऱ्या डॉक्टरांना 0.6 मिलिग्रॅमची एक कुपी पुरते. तुझ्या बाबांच्या अंगात ॲसिटिलकोलिनचा पूर आला होता, म्हणून सुरुवातच तीन-पाच कुप्यांनी होते, आणि पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर दुप्पट, पुन्हा दुप्पट. चांगल्या माणसाला एवढं दिलं तर धोतरा खाल्ल्यासारखा भ्रम होईल. धोतऱ्यात ॲट्रोपिनच्याच कुळातली द्रव्यं असतात, तुमचे डॉक्टर बरोबर बोलले.

बाबा नोटा मोजत होते तोही त्याचाच परिणाम. ॲट्रोपिन मेंदूत शिरतं, तिथल्याही सीटा अडवतं. वॉर्डात आम्ही म्हणतो, ‘ॲट्रोपिन चढलं.’ डोस कमी केला की एक-दोन दिवसांत उतरतं. हात बांधलेले पाहून लेकरांच्या डोळ्यांना पाणी येतं, मी कितीदा पाहिलंय. पण सलाईन उपसली जाऊ नये म्हणून ते करावं लागतं. नातेवाइकांना दोन मिनिटं बाजूला घेऊन हे सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

डोस कधी थांबवायचा, ही गोष्ट मी पुस्तकात वाचून शिकले नाही. शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा भाद्रपदातल्या एका रात्री बावीस-तेवीस वर्षांचा सालगडी आणला. अंगाला लसणासारखा उग्र वास. भावाला चिठ्ठी देऊन दुकानातून कुप्यांची पेटी मागवली आणि मी फोडत बसले. कुपीची मान छोट्या करवतीनं घासायची, मोडायची, सुईत ओढायची. पहाटेपर्यंत अंगठ्याला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. दोन वाजता त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी 130 वर गेली. मला वाटलं जिंकलं, आणि मी सुया थांबवल्या. चार वाजता तो निळा पडायला लागला. आमचे सर आले, त्यांनी स्टेथोस्कोप पाठीला, बरगड्यांच्या अगदी खालच्या टोकाला लावला आणि माझ्या कानात घातला. आत पाण्यातून बुडबुडे यावेत तसा आवाज. ‘डोळ्यांवर जाऊ नको. छातीला कान लाव, काखेत हात घाल.’ काख अजून ओली होती. बाहुली लवकर फसवते, एका डोळ्यात औषध उडालेलं असलं तर आणखीच फसवते. छाती कोरडी, काख कोरडी, रक्तदाब धरलेला, हे जमेपर्यंत थांबायचं नसतं. त्या मुलाच्या भावानं आणि मामानं दोन रात्री आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे श्वास देण्याची रबरी पिशवी, हातानं दाबली, तेव्हा व्हेंटिलेटर होता कुठं. तो अकराव्या दिवशी चालत घरी गेला. माझ्या हातून दोन तास गेले होते, ते मी आजही मोजते.

अंबू बॅग का लागली, तेही सांगते. ॲसिटिलकोलिनच्या सीटा दोन प्रकारच्या असतात. एकीवर एका अळंबीतलं मस्करिन बसतं, दुसरीवर तंबाखूतलं निकोटिन; त्यावरून त्यांना नावं पडली. ॲट्रोपिनचा रुमाल पहिल्या प्रकारच्या सीटांवरच बसतो. हातपाय, मान, श्वासाचे स्नायू यांच्यावर दुसऱ्या प्रकारच्या सीटा, तिथं त्याचं काही चालत नाही. 1987 मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की रोगी सावरला असं वाटत असताना, दिवसा-दोन दिवसांनी ते चौथ्या दिवसापर्यंत, मान आणि श्वास अचानक ढिले पडू शकतात. राउंडला डॉक्टर बाबांना ‘उशीवरून मान उचला’ असं म्हणाले असतील तर ते हेच बघत होते. शुद्धीवर आलेल्या माणसाला लवकर घरी नेण्याची घाई यासाठीच करू नये.

आता बाटली.

अडकलेली पहार काढणारं औषध आहे. त्याचं नाव प्रॅलिडॉक्झिम, वॉर्डात सगळे ‘पाम’ म्हणतात. 1955 च्या सुमारास अमेरिकेत आयर्विन विल्सन यांनी एन्झाइमच्या त्या घळीत बसेल आणि फॉस्फरसला स्वतःकडं ओढून घेईल असा रेणू विचार करून बनवला. बसवलेला नट पान्यानं उलटा फिरवावा तसं. पण नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला की पाना नुसता फिरतो, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. इथंही तेच होतं. एन्झाइमला चिकटलेल्या फॉस्फरसचा एक बाजूचा तुकडा काही वेळानं गळून पडतो, आणि मग पामला पकड मिळत नाही. हा वेळ औषधावर ठरतो. मोनोक्रोटोफॉससारख्या गटात साधारण पावणेचार तासांत निम्मे एन्झाइम असे पक्के होऊन बसतात. क्लोरपायरीफॉसच्या गटात त्याला 33 तासांच्या आसपास लागतात. म्हणजे एका बाटलीत सकाळचा रोगी दुपारी हातचा जातो, दुसरीत उद्या दुपारपर्यंतही काही करता येतं.

बाटली तिसऱ्याच जातीची असेल तर हिशेब आणखी बदलतो. कार्बामेट गटातलं औषध त्याच सेरीनला चिकटतं, पण तासाभरात, दिवसाभरात आपोआप सुटतं. तिथं पामची सहसा गरज पडत नाही. मावा-तुडतुड्यांवर मारतात ते इमिडाक्लोप्रिड एन्झाइमकडं जातच नाही, ते थेट निकोटिनच्या सीटवर बसतं. किडीच्या सीटवर घट्ट, आपल्यावर फार ढिलं. तिथं पाम देऊन काय मिळणार? आणि आपले लोक एका टाकीत दोन-तीन औषधं कालवतात. म्हणून बाटल्या सगळ्या न्यायच्या, रिकाम्यासुद्धा. लेबल निघालं असेल तर दुकानदाराची पावती.

पामवर डॉक्टरांचं एकमत आहे असं समजू नकोस. 2006 मध्ये बारामतीतल्या डॉक्टरांनी 200 रोग्यांवर अभ्यास केला, त्यात 48 तास सलग ठिबकत दिलेल्या पामनं रोगी चांगले सुधारले. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. माझं स्वतःचं मत असं की लवकर आलेल्या, बाटली माहीत असलेल्या रोग्याला ते द्यावं. मात्र त्याच्या नादात ॲट्रोपिन आणि श्वासाकडं दुर्लक्ष करू नये.

आता बाबांचं. जे एन्झाइम पक्के अडकले ते गेलेच. शरीराला नवे बनवावे लागतात. रक्ताच्या तांबड्या पेशीतलं एन्झाइम रोज जेमतेम एक टक्का भरून निघतं, कारण नवी पेशी येईल तेव्हाच नवं एन्झाइम येणार. वीस दिवसांत साठा भरत नाही. बाबा जेवतात, हिंडतात, चांगले दिसतात, कारण रोजच्या कामाला थोडंही पुरतं. पण आता अंगावर पडलेला थोडासा फवाराही त्यांना पुन्हा आडवं करेल. दोन-तीन महिन्यांनी कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी करून घे आणि मला कळव.

प्रश्न : मी उदगीरचा, वय 64. छातीत जाळी बसवली आहे, रोज ॲस्पिरिन 75 घेतो. दाढ काढायची आहे. शेजारी म्हणतात, आठ दिवस गोळी बंद करा. गोळीचा असर आठ दिवस राहतो का? डोकेदुखीची गोळी तर सहा तासांत उतरते.

उत्तर : दादा, गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. जाळी बसवलेल्या माणसानं तर नाहीच. बहुतेक दाढा ॲस्पिरिन चालू ठेवून निघतात. दंतवैद्य टाका घालतात, बोळा दाबून धरायला लावतात. हृदयाच्या डॉक्टरांना आणि त्यांना एकमेकांशी बोलू द्या.

शेजाऱ्यांचं आठ दिवसांचं गणित मात्र हवेतलं नाही. ॲस्पिरिन रक्तातून तासा-दोन तासांत जवळपास संपतं. पण जाता जाता रक्तबिंबिकेतल्या (रक्त गोठवणाऱ्या पेशीतल्या, प्लेटलेटमधल्या) एका एन्झाइमवर स्वतःचा एक तुकडा चिकटवून जातं, आणि ते एन्झाइम कायमचं बंद पडतं. इतर पेशी नवं एन्झाइम बनवतील. रक्तबिंबिकेला केंद्रकच नाही, ती बनवू शकत नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं आयुष्य तशीच काढते. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या येतात, तेवढाच असर उतरतो. जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारी द्रव्यं, बनणं थांबवतं, आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

दाढदुखीला आयब्युप्रोफेन आणून दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते त्याच एन्झाइमच्या जागेवर बसतं, काही तासांनी उठतं, पण तेवढ्या वेळात ॲस्पिरिनला आत जाऊ देत नाही. रोज आधी आयब्युप्रोफेन आणि मग ॲस्पिरिन असं चाललं, तर जाळीसाठीची गोळी वाया जाते.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यात शिक्षक आहे. गोवऱ्या काढताना आत्याला लाल विंचू चावला. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला रक्तदाबाची गोळी दिली आणि तीन तास उठू दिलं नाही. आत्याला बीपी कधीच नव्हता. चुकीची गोळी दिली का?

उत्तर : गुरुजी, अगदी बरोबर गोळी दिली. विंचवावर ती वापरात आणणारा माणूस तुमच्याच जिल्ह्यातला आहे.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूवरच्या सोडियमच्या दारावर बसतं आणि दार मिटू देत नाही. मज्जातंतू सारखा पेटत राहतो, ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन रक्तात ओतलं जातं. ते रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर बसतं आणि वाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांच्या विरुद्ध ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साचतं, आणि लहान लेकरं पूर्वी त्यातच जात. प्राझोसिन ही गोळी त्या अल्फा रिसेप्टरवर जाऊन बसते. वर एसटीचा रुमाल सांगितला, तोच प्रकार, फक्त गाडी दुसरी. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. ती रक्तदाबासाठी निघाली होती म्हणून दुकानात बीपीची गोळी म्हणतात.

देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडला काम करत असताना रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून हे पाहत राहिले. 1982 मध्ये त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकामध्ये विंचूदंशाच्या हृदयावरच्या लक्षणांबद्दल लिहिलं, 1986 मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत प्राझोसिनबद्दल. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी वर्गात रिसेप्टर शिकवायला घेतला की पहिल्या दिवशी देहेडचं नाव फळ्यावर लिहीत असे, कारण समोरची अर्धी पोरं त्याच बाजूची असत आणि त्यांच्या घरात कुणाला ना कुणाला विंचू चावलेला असे.

विंचवाची लसही आता मिळते. ती रिसेप्टरशी खेळत नाही, रक्तातलं विषच पकडते; जे अजून बसलेलं नाही तेवढंच तिच्या हाती लागतं. म्हणून ती लवकर द्यावी लागते. 2011 मध्ये बावस्करांच्याच अभ्यासात लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेले रोगी नुसत्या प्राझोसिनच्या रोग्यांपेक्षा लवकर बरे झाले.

विंचवाच्या सगळ्याच डंखांना ही गोळी लागत नाही. नुसती आग होते, हात गरम आहेत, घाम नाही, उलटी नाही, तर डंखाच्या जागी बधिर करण्याची सुई बहुतेक वेळा पुरते. ओळखायची खूण तुम्ही पत्रात स्वतःच लिहिली आहे : घाम, उलटी, गार हातपाय. मंत्रानं उतरवत बसलेले दोन तास याच खुणा दिसत असताना जातात.

आणि तीन तास उठू न देण्याचं कारण असं की प्राझोसिनच्या पहिल्या गोळीनंतर वाहिन्या एकदम सैल पडतात. माणूस पलंगावरून उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येऊन तो कोसळतो. म्हणून लघवीलाही भांडं पलंगावरच देतात. आत्यांना त्याचा संकोच वाटला असेल. ज्या सिस्टरनी तो सांभाळून घेतला, त्यांना माझा नमस्कार सांगा.